मुशी म्हणते, मी तारल्यांची राखणदार!

शेतकरी बंधूंनो, रापणकार बंधूंनो, बाजारात मासळीची पाटी मांडून बसणाऱ्या भगिनींनो,

परराष्ट्रनीती हा शब्द दिसला की तुम्ही पान उलटता, हे आम्हांला ठाऊक आहे. दिल्लीचे साहेब जाणोत आणि वॉशिंग्टनचे साहेब जाणोत, आमच्या खाजनाचा बांध फुटला आहे तो कोण बांधणार ते आधी सांगा, असे तुम्ही म्हणणार. तुमचे चुकत नाही. पण आज एवढे एक पान उलटू नका. एका लोकशाही देशाच्या मंत्र्यांनी आपल्या कचेरीत बसून एक निर्णय घेतला. त्या निर्णयाने दुसऱ्या एका लोकशाही देशातल्या सुमारे एक लाख शेतकरी कुटुंबांच्या नांगराखालची जमीन गेली, त्यांचे मत गेले, आणि पुढच्या चाळीस वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. ती हकीगत तुम्हांला सांगायची आहे. ती तुमचीच आहे असे वाचता वाचता वाटेल. तसे वाटावे म्हणूनच सांगतो.

त्या देशाचे नाव ग्वाटेमाला. मेक्सिकोच्या खाली, मध्य अमेरिकेत. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन समुद्राचा चिंचोळा किनारा, मध्ये डोंगर. डोंगरांत माया लोक, त्या मातीचे मूळ धनी, मका पिकवून खाणारे. खाली सपाटीवर कॉफीचे आणि केळीचे मळे. आपल्यावर पोर्तुगीज होते, त्यांच्यावर सुमारे तीनशे वर्षे स्पॅनिश होते. स्पॅनिश १८२१ साली गेले, पण मळे ज्यांचे होते त्यांचेच राहिले.

दाखल्यावरचे दीडशे दिवस

१९३१ ते १९४४ या काळात तिथे होर्हे उबिको नावाच्या जनरलची सत्ता होती. त्याने १९३४ साली कायदा केला की ज्याच्याजवळ जमीन नाही तो भटक्या. अशा माणसाने वर्षातून दीडशे दिवस कुणाच्या तरी मळ्यावर राबल्याचा दाखला खिशात बाळगायचा, नाही तर तुरुंगात जायचे. मळेवाला जेवढे दिवस लिहील तेवढेच खरे! ज्यांच्या आजोबांनी भाटकाराच्या वहीतले आकडे भोगले आहेत त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

जमिनीची वाटणी कशी होती तेही ऐका. १९५० च्या मोजणीत असे दिसले की शंभर जमीनधारकांपैकी दोघांकडे शंभरातली बहात्तर हिस्से जमीन होती. आणि त्या सर्व भाटकारांचा भाटकार म्हणजे अमेरिकेची युनायटेड फ्रूट कंपनी. केळी विकणारी कंपनी, पण आगगाडी तिच्या हातात, पुएर्तो बारिओस हे कॅरिबियन किनाऱ्यावरचे बंदर तिच्या हातात. साडेपाच लाख एकर जमीन तिच्या नावावर, आणि त्यातली शंभरात पंचाऐंशी हिस्से पडीक! लोक तिला 'एल पुल्पो' म्हणत. पुल्पो म्हणजे ऑक्टोपस, आठ पायांनी धरणारा. जाळ्यात सापडला तरी जाळेच धरून बसतो, तो.

१९४४ साली शिक्षक, विद्यार्थी, तरुण लष्करी अधिकारी उठले आणि उबिकोची राजवट गेली. निवडणूक झाली. हुआन होसे आरेवालो हा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक प्रचंड मतांनी निवडून आला आणि १९४५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने १९४७ साली कामगार कायदा आणला. मळ्यावरच्या मजुराला संघटना करण्याचा हक्क मिळाला. सहा वर्षांनी, १९५१ साली, त्याने मुकाट्याने खुर्ची सोडली आणि निवडणूक जिंकलेल्या हाकोबो अर्बेन्झच्या हाती कारभार दिला. लोकशाही म्हणतात ती याहून वेगळी काय असते? एकाने यावे, मुदत संपताच जावे, दुसऱ्याने यावे, आणि कुणाचे रक्त सांडू नये.

पडीक जमिनीचा कायदा

१७ जून १९५२ रोजी अर्बेन्झ सरकारने कायदा क्रमांक ९०० मंजूर केला. हा कायदा नीट समजून घ्या, कारण त्याच्यावरच पुढचे सारे महाभारत घडले. ज्याची जमीन नव्वद हेक्टरच्या आत आहे त्याला हात नाही. मोठ्या मळ्यातलीही जी कसलेली आहे तिला हात नाही. फक्त पडीक ठेवलेली घ्यायची आणि राबणाऱ्याला द्यायची. तीही फुकट नव्हे. मालकाला सरकारी रोखे, पंचवीस वर्षांच्या मुदतीचे, तीन टक्के व्याजाचे. स्वतः अर्बेन्झची सतराशे एकर जमीनही यात गेली. दोन वर्षांत सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली.

रोख्यांची किंमत कशी ठरवायची? सरकार म्हणाले, मालकाने कर भरताना जी किंमत स्वतः लिहून दिली तीच. यात अन्याय कुठे आहे?

पण कंपनीची बोंब इथेच उठली. १९५३ साली तिची सुमारे दोन लाख दहा हजार एकर पडीक जमीन सरकारने घेतली आणि तिच्याच आकड्याप्रमाणे सुमारे सहा लाख सत्तावीस हजार डॉलर देऊ केले. एकरी तीन डॉलर. त्यावर १९५४ च्या एप्रिलमध्ये मागणी आली एक कोटी अठ्ठावन्न लाख डॉलरची. एकरी पंचाहत्तर! कर भरताना जमीन तीन डॉलरची आणि भरपाई घेताना पंचाहत्तरची. आणि ही मागणी कंपनीने आपल्या वकिलामार्फत पाठवली काय? नाही. ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पाठवली. एका केळीवाल्या कंपनीची पावती घेऊन जगातले सर्वांत बलाढ्य सरकार दारात उभे राहिले.

सही कुणाची?

त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस. त्यांचे सख्खे भाऊ ॲलन डलेस, गुप्तहेर खात्याचे, म्हणजे सीआयएचे प्रमुख. थोरले डलेस न्यूयॉर्कच्या ज्या वकिली पेढीत होते त्या पेढीने पूर्वी याच कंपनीचे काम केलेले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५३ च्या ऑगस्टमध्ये अर्बेन्झचे सरकार पाडण्याच्या गुप्त योजनेला मंजुरी दिली. हे आम्ही पदरचे सांगत नाही. पुढे अमेरिकेच्याच सरकारने ते कागद उघडे केले आणि छापले.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. आयसेनहॉवर कुणी हुकूमशहा नव्हते. १९५२ साली रीतसर निवडणूक जिंकून आलेले. त्यांच्या देशात वर्तमानपत्रे होती, न्यायालये होती, विरोधी पक्ष होता. घरात लोकशाही आणि शेजाऱ्याच्या घरावर दरोडा, हे दोन्ही एकाच हाताने होऊ शकते. आमचा आजचा मुद्दा तोच आहे. कुठला देश स्वतः लोकशाही आहे एवढ्यावरून त्याची परराष्ट्रनीती लोकशाहीची ठरत नाही. ज्या निर्णयाविषयी मतदाराला कुणी विचारले नाही आणि ज्याविषयी मतदाराने कुणाला विचारले नाही, तो निर्णय राजवाड्यात झाला काय आणि व्हाइट हाउसमध्ये झाला काय, सारखाच.

'पण तिथे कम्युनिस्ट होते ना?' असे कुणी विचारील. होते. संसदेत त्यांच्या चार जागा होत्या. मंत्रिमंडळात एकही नव्हता. अर्बेन्झशी त्यांची मैत्री होती आणि जमीन कायद्याच्या मसुद्यात त्यांचा हात होता, हेही खरे. लपवायचे कारण नाही. काही अभ्यासक म्हणतात की अमेरिकेला केळीपेक्षा कम्युनिस्टांचे भय जास्त होते. असेल. पण चार जागांच्या भीतीने अख्खी संसद बुडवायची, हा कुठला न्याय? घरात उंदीर शिरला म्हणून कुणी घराला आग लावतो काय? आणि ज्याचे घर त्याला विचारले का? अर्बेन्झनंतर कुणाला आणायचे, हे पुढच्या निवडणुकीत ग्वाटेमालाच्या मतदाराने ठरवायचे होते. ती निवडणूक होऊच दिली नाही.

शस्त्रांचेही तसेच. अमेरिकेने स्वतः ग्वाटेमालाला शस्त्रे विकणे बंद केले आणि इतरांनाही विकू दिले नाही. मग १९५४ च्या मे महिन्यात चेकोस्लोव्हाकियाहून शस्त्रांचे एक जहाज आले, तेव्हा हेच ओरडले, पाहा, पाहा, कम्युनिस्टांकडून बंदुका घेतात! गावातली सगळी दुकाने तुम्हीच बंद करायची आणि पलीकडच्या गावात जाऊन मीठ आणले की त्याला चोर म्हणायचे.

१८ जून १९५४. कास्तियो आर्मास नावाचा फुटीर कर्नल होंडुरासची हद्द ओलांडून आत शिरला. बरोबर पाचशेही माणसे नव्हती. पैसा, बंदुका, विमाने अमेरिकेची. शेजारच्या देशांतून रेडिओ ओरडत होता की प्रचंड सेना राजधानीवर चालून येत आहे. सगळे खोटे. पुएर्तो बारिओस बंदरावर या शूरांनी हल्ला केला तेव्हा पोलिसांनी आणि गोदीतल्या हमालांनी हाताला लागेल ती बंदूक घेऊन त्यांना पळवून लावले! बंधूंनो, समुद्राकाठच्या कष्टकऱ्यांनी त्या दिवशी आपली लोकशाही राखली होती. हरली ती बंदरावर नव्हे. ती हरली राजधानीत. सैन्याचे अधिकारी घाबरले की या पाचशेंना हरवले तर मागून खुद्द अमेरिकेची फौज उतरेल. त्यांनी लढायचे नाकारले आणि २७ जून १९५४ रोजी अर्बेन्झने राजीनामा दिला.

आणि जगातल्या इतर लोकशाह्या? ग्वाटेमालाने राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली होती. २५ जूनला प्रश्न एवढाच होता की हा विषय चर्चेला घ्यायचा की नाही. चार मते घ्या म्हणणारी, पाच नको म्हणणारी. दोघे तटस्थ राहिले. कोण? ब्रिटन आणि फ्रान्स! लोकशाहीची आई म्हणवणारी एक आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता दारावर कोरून ठेवणारी दुसरी. त्या दोघांनी हात वर केले नाहीत. त्यांनी हात मांडीवर ठेवले. लोकशाही मारायला एक जण लागतो, बंधूंनो, आणि बघत बसणारे दोघे.

चाळीस वर्षांची ओहोटी

मग काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायला धीर होत नाही.

नव्या सत्ताधाऱ्याने पहिल्या तडाख्यात निरक्षरांचे मत काढून घेतले. देशातले दोनतृतीयांशाहून अधिक लोक निरक्षर होते, म्हणजे मत गेले ते नांगर धरणाऱ्याचेच. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये कौल घेतला, उमेदवार एकच, आणि मत पेटीत टाकायचे नाही, अधिकाऱ्यासमोर तोंडाने सांगायचे! वाटलेल्या जमिनी बहुतेक सगळ्या काढून घेतल्या. संघटना मोडल्या. आणि या राजवटीला अमेरिकेची मदत अखंड चालू राहिली.

त्या वर्षी राजधानीत अर्जेंटिनाचा एक तरुण डॉक्टर राहत होता. त्याने हे डोळ्यांनी पाहिले आणि मतपेटीवरचा त्याचा विश्वास उडाला. त्याचे नाव एर्नेस्तो ग्वेवारा, जग ज्याला चे म्हणून ओळखते. वॉशिंग्टनच्या साहेबांना बंदुकीचे भय होते. पण मताने काही होत नाही, बंदुकीनेच होते, हा धडा शिकवणारी शाळा त्यांनीच काढली.

१९६० साली यादवी पेटली ती १९९६ च्या डिसेंबरात विझली. राष्ट्रसंघाच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. मेलेले आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून अधिक. ज्यांची ओळख पटली त्यांतले शंभरात त्र्याऐंशी माया. शंभरातली त्र्याण्णव दुष्कृत्ये सरकारी बाजूची. सरकारी फौजांनी केलेल्या सामूहिक हत्या ६२६. गावे जाळली, विहिरीत प्रेते टाकली. १९८२ साली रिओस माँत नावाचा जनरल गावेच्या गावे बेचिराख करीत असताना, त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन त्याला भेटले आणि या भल्या माणसाला लोक विनाकारण नावे ठेवतात अशा अर्थाचे बोलले. सतरा वर्षांनी, १९९९ च्या मार्चमध्ये, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमालात येऊन कबूल केले की त्या फौजांना आम्ही दिलेला पाठिंबा चुकीचा होता. चुकीचा होता! दोन लाख माणसांच्या मागे हे एवढे शब्द. तेही मिळाले, हेच नशीब म्हणायचे.

त्याच डलेससाहेबांचे दुसरे एक वचन

हे ग्वाटेमालाचे आम्हांला काय, असे अजून कुणाला वाटत असेल तर १९५५ साल आठवा. त्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर सालाझारच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्याबरोबर काढलेल्या निवेदनात या वसाहतींना पोर्तुगालचे 'प्रांत' म्हणणारे गृहस्थ कोण? हेच जॉन फॉस्टर डलेस! पुढे पत्रकारांनी टोकले तेव्हाही ते त्या शब्दावरून हटले नाहीत. पोर्तुगालमध्ये निवडणूक ढोंगी, वर्तमानपत्रे बांधलेली, गुप्त पोलीस घराघरांत. तरी १९४९ साली स्वतंत्र जगाच्या रक्षणासाठी म्हणून नाटो ही संघटना निघाली तेव्हा सालाझारला पहिल्याच पंगतीत पाट मिळाला. का? ॲझोर्स बेटांवरचा विमानतळ अमेरिकेला हवा होता म्हणून. तुमच्या वाडवडिलांच्या स्वातंत्र्याची किंमत एका धावपट्टीएवढी झाली होती. ग्वाटेमालाचा शेतकरी आणि गोव्याचा शेतकरी यांनी एकमेकांचे नाव ऐकले नव्हते. पण त्यांच्या नशिबाचे कागद एकाच मेजावर पडले होते.

भरतीही त्याच किनाऱ्याला येते

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर आम्ही अर्धवट बोललो असे होईल.

२५ मे १९९३. ग्वाटेमालाचा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होर्हे सेरानो याने एका रात्रीत संसद आणि सर्वोच्च न्यायालय बरखास्त केले. स्वतः निवडून आलेलाच स्वतःची शिडी तोडायला निघाला. पण या वेळी लोक रस्त्यावर आले, देशाचे घटना न्यायालय ताठ उभे राहिले, आणि अमेरिकेने मदत थांबवली, व्यापारातली सवलत काढून घेण्याची तंबी दिली. व्यापारी घाबरले, सैन्याने हात काढला. आठवड्याभरात सेरानो पदावरून गेला.

पुढे २००७ साली राष्ट्रसंघाच्या मदतीने भ्रष्टाचाराचा तपास करणारा एक आयोग तिथे सुरू झाला. त्याला पैसा अमेरिकेचा, युरोपचा. त्याच्या तपासातून जकातीच्या लुटीचे प्रकरण बाहेर पडले आणि २०१५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांना राजीनामा देऊन तुरुंगात जावे लागले. मग चोर सावध झाले. राष्ट्राध्यक्ष हिमी मोरालेस यांनी २०१८ च्या मे महिन्यात इस्रायलमधली आपली वकिलात अमेरिकेच्या पाठोपाठ दोनच दिवसांत जेरुसलेमला हलवली, आणि ऑगस्टमध्ये जाहीर केले की आयोगाला मुदतवाढ नाही. वॉशिंग्टनचा आवाज या वेळी अगदी बारीक निघाला. २०१९ साली आयोगाला टाळे लागले. त्यानंतर ओहोटी किती झपाट्याने लागली पाहा: भ्रष्टाचारविरोधी सरकारी वकील परागंदा, न्यायाधीश परागंदा, होसे रुबेन सामोरा हा संपादक २०२२ साली तुरुंगात, त्याचे वर्तमानपत्र २०२३ साली बंद.

आणि मग २०२३ ची निवडणूक. कुणाच्या ध्यानीमनी नसताना बेर्नार्दो आरेवालो हा उमेदवार पहिल्या फेरीत दुसरा आला. आडनाव ओळखीचे वाटते ना? त्या १९४५ च्या प्राध्यापकाचाच हा मुलगा. बापाच्या परागंदा काळात, परदेशात, १९५८ साली जन्मलेला. २० ऑगस्टच्या शेवटच्या फेरीत तो निर्विवाद जिंकला. युरोपच्या आणि अमेरिका खंडातल्या देशांच्या निरीक्षकांनी निवडणूक स्वच्छ झाल्याचे सांगितले. तरी सरकारी वकिलांच्या खात्याने त्याचा पक्ष स्थगित करवला, निवडणूक मंडळावर धाडी घातल्या, मतांच्या पेट्या उचलून नेल्या. या वेळी रणगाडे नव्हते. कागद होते, शिक्के होते, कलमे होती. आजकाल लोकशाही अशीच मारतात, तिच्याच कायद्याच्या दोरीने.

तेव्हा कोण उठले? डोंगरातले माया लोक. तोतोनिकापान भागातल्या अठ्ठेचाळीस वस्त्यांचे पंच हातात आपल्या अधिकाराच्या काठ्या घेऊन राजधानीत आले. २ ऑक्टोबर २०२३ पासून देशभर रस्ते अडले आणि सरकारी वकिलांच्या कचेरीसमोर शंभराहून अधिक दिवस धरणे चालले. ज्यांच्या आजोबांची जमीन १९५४ साली गेली, ज्यांची गावे १९८२ साली जळली, तेच लोक! त्यांच्या पाठीमागून अमेरिकेने डिसेंबरात सुमारे तीनशे जणांवर, त्यांत शंभराहून अधिक संसद सदस्यांवर, प्रवेशबंदी घातली. युरोपीय संघाने शपथविधीच्या दोन दिवस आधी लोकशाही मोडणाऱ्यांवर निर्बंध घालण्याची व्यवस्था मंजूर केली. शपथविधीच्या दिवशीही नऊ तास खोळंबा केला. पण १५ जानेवारी २०२४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर आरेवालोने शपथ घेतली.

म्हणजे पाहा. देश तोच, आडनाव तेच, उत्तरेकडचा बलाढ्य शेजारीही तोच. १९५४ साली त्याने मारेकऱ्याला सुरी दिली. २०२३ साली त्याने मारेकऱ्याचा हात धरला. मधल्या सत्तर वर्षांत ग्वाटेमालाचा शेतकरी बदलला नव्हता. तो तेव्हाही मत द्यायला तयार होता आणि आताही. फरक पडला तो परक्या कचेरीतल्या निर्णयाचा.

आपला हात कुठे आहे?

काही शहाणे म्हणतील, हे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणे झाले. नाही. कुणाची सत्ता उलथायला बंदुका पाठवणे हे नाक खुपसणे. पण माझ्या घरी येऊ नकोस, माझा पैसा तुला मिळणार नाही, माझ्या पंगतीला तुझे पान नाही, हे सांगणे हा प्रत्येकाचा स्वतःच्या दाराचा हक्क आहे. ज्याने गावची ठेव खाल्ली त्याच्याशी सोयरीक करायची की नाही हे आपण ठरवतोच ना? लोकशाही बाहेरून आणता येत नाही; माडाचे रोप उपटून आणावे तशी ती लागत नाही. तोतोनिकापानचे पंच रस्त्यावर बसले नसते तर तीनशे प्रवेशबंद्यांनी काही झाले नसते. पण बाहेरून ती मारता मात्र येते, आणि मारणाऱ्याची रसद बाहेरून तोडताही येते. लोकशाही देशांकडून मागायचे ते एवढेच.

आणि लोकशाही देश म्हणजे फक्त अमेरिका काय? जगातला सर्वांत मोठा मतदार आपण. आपल्या सरहद्दीला सोळाशे किलोमीटरहून अधिक लांब टेकलेल्या म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार उलथले. २७ मार्चला त्या लष्कराने संचलन केले. त्याच दिवशी रस्त्यांवर शंभराहून अधिक नागरिक मारले. त्या संचलनाला जे थोडे देश हजर राहिले त्यांत भारत होता. १८ जूनला राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्या लष्कराविरुद्ध ठराव आला. ११९ देश बाजूने, ३६ तटस्थ. तटस्थांत भारत होता. दिल्ली कारणे सांगते: सरहद्दीवर बंडखोर आहेत, पलीकडे चीन टपला आहे. कारणे खोटी नाहीत. पण १९५४ साली ब्रिटन आणि फ्रान्सजवळही कारणे होतीच. १९५५ साली डलेसजवळही होती. ॲझोर्सची धावपट्टी हेही कारणच होते, आणि त्या कारणाखाली कोण चिरडले गेले ते तुम्ही विसरलात काय? जे आपल्याला लागले ते दुसऱ्याला लावताना आपले मन कचरले नाही, तर आपण मुक्त होऊन काय शिकलो?

तेव्हा पुढच्या वेळी खासदारकीचा उमेदवार तुमच्या अंगणात येईल, तेव्हा बांधाचे विचारा, डिझेलच्या भावाचे विचारा, ट्रॉलरवाल्यांचे विचारा. आणि शेवटी एवढेही विचारा: बाबा रे, परक्या देशातल्या मतपेटीवर कुणी पाय दिला तर दिल्लीत तुझा हात वर जाणार की मांडीवर राहणार? तो हसेल. हसू दे. पाच गावांत पाच जणांनी विचारले की हसू आपोआप बंद होते.

थोरल्या आरेवालोने अध्यक्षपद सोडल्यानंतर, ग्वाटेमाला बुडाल्यावर, १९५६ साली एक पुस्तक लिहिले. नाव ठेवले, शार्क आणि सार्डीनची गोष्ट. आपल्या भाषेत मुशी आणि तारले. बलाढ्य अमेरिका आणि दक्षिणेकडचे तिचे लहान शेजारी यांच्याविषयीचे ते पुस्तक. नाव वाचताच आपल्या माणसाला सगळे कळते. मुशी तारल्यांना सांगत असते, मी तुमची राखणदार आहे, माझ्या सावलीला या.

बंधूंनो, मुशीचे भाषण ऐकू नका. तिचे तोंड उघडे आहे की मिटलेले, ते बघा.